किती दिवस पुरे? : एका सहलीचं गणित



आपल्या प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर सूचनांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं, 'अझ्यूम सुटेबल डेटा, इफ नेसेसरी'. या एका वाक्याच्या कृपेने आपल्यातले कितीतरी जण पास होतात! पण घरच्या प्रश्नांना ही सोय नसते. घरी आपण जे काही गृहीत धरतो ते शेवटी कोणाच्या तरी गुडघ्यांवर, कोणाच्या तरी रजेवर आणि बाबांच्या फिक्स्ड डिपॉझिटवर येऊन आदळतं.

थर्ड इयरला आम्हाला ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे 'ओआर' आहे. वर्गात त्यातली गणितं नेहमी कारखान्याची नाहीतर ट्रकची असतात. हा लेख म्हणजे त्याच विषयातलं एक सोडवलेलं उदाहरण समजा, फक्त कारखान्याच्या जागी घर आहे. प्रश्न दिसायला अगदी साधा : थीम पार्कच्या सहलीला कुटुंबाने किती दिवस द्यावेत?

दिलेली माहिती

माझा दादा आणि वहिनी अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एडिसनला राहतात. त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या जूनमध्ये आई, बाबा, आजी आणि मी असे चौघं २१ दिवसांसाठी त्यांच्याकडे जाणार होतो. आजी ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. पणतीला तिने तोवर फक्त मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलं होतं. दादाला एकूण आठच दिवस रजा. आणि घरात सगळ्यांना मान्य असलेली, पण कोणी मोठ्याने न बोललेली गोष्ट म्हणजे आजीचा हा बहुधा पहिला आणि शेवटचा परदेश प्रवास.

या २१ दिवसांतच फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं डिस्नी वर्ल्ड करायचं होतं. बाबांचं म्हणणं, "एवढ्या लांब जातोय तर सगळं बघूनच येऊ. पुन्हा कोण जाणार आहे?" त्यांच्या वहीत सात पार्क आणि जायचा-यायचा धरून नऊ दिवस होते. दादाचं म्हणणं, "तीन दिवस डोक्यावरून पाणी." आणि आजीचं म्हणणं, "मी पणतीला बघायला चालले आहे. मला तिथला उंदीर बघायचा नाही!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात एक इंजिनिअर होऊ घातलेला माणूस असला की असंच होतं. मिक्सर बिघडला तरी बोलावतात आणि सहल अडली तरी!

पायरी १ : 'सगळं' म्हणजे किती?

डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही. १ ऑक्टोबर १९७१ ला तिथे पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, सुरू झालं. १९८२ मध्ये एपकॉट आलं, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. ही चार मोठी पार्क्स, शिवाय दोन वॉटर पार्क्स. सगळी मिळून जागा १०० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ चंडीगड शहराएवढी. शेजारीच युनिव्हर्सल कंपनीची पार्क्स आहेत. त्यात एपिक युनिव्हर्स हे अख्खं नवीन पार्क २२ मे २०२५ ला उघडलं.

थोडक्यात काय, तर ही यादी संपणारी नाही. तुम्ही बघत असतानाच ती वाढत असते. म्हणून 'सगळं बघून होईपर्यंत' हे दिवस ठरवण्याचं माप होऊच शकत नाही. पण बाबांना हे नुसतं बोलून पटणार नव्हतं, आकडे हवे होते.

पायरी २ : एका दिवसात खरे तास किती?

समजा, पार्क सकाळी ९ ते रात्री ९ उघडं आहे. म्हणजे हातात १२ तास. त्यातून जेवण-खाण्याचे २ तास गेले. चालणं, टॉयलेट, पाण्याच्या बाटल्या आणि चार वर्षांच्या मुलीचं रुसणं यांचे २ तास. परेड किंवा आतषबाजीचा १ तास. उरले ७. प्रत्येक राइडला सरासरी ४५ मिनिटं रांग, १० मिनिटं राइड आणि ५ मिनिटं चढ-उतर धरली तर तासाला एक राइड होते. म्हणजे दिवसाला सात राइड्स, आणि १२ तासांत प्रत्यक्ष राइडमध्ये बसलेला वेळ ७० मिनिटं! दुपारी तीन तास आराम घेतला तर राइड्स चारच. बाबांच्या वहीत दिवसाला पंधरा होत्या.

रांगेचं गणित आपल्याला शिकवलेलंच आहे. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला लिटलचा नियम सांगतो : रांगेतली माणसं = दर तासाला आत जाणारी माणसं × थांबण्याचा वेळ. रोलर कोस्टरची २० जणांची गाडी मिनिटाला एक सुटत असेल तर तासाला १,२०० माणसं जातात. पुढे ६०० जण असतील तर थांबायचं अर्धा तास. आता मॅजिक किंगडममधल्या हाँटेड मॅन्शनसारखी राइड घ्या. तिथे गाड्या साखळीसारख्या सतत फिरत असतात, थांबत नाहीत. समजा, दर ३ सेकंदांना दोघांची एक गाडी समोर येते. तासाला २,४०० माणसं झाली. तेवढ्याच ६०० जणांच्या रांगेत आता पाव तासच. म्हणजे रांग किती लांब दिसते यापेक्षा ती किती वेगाने पुढे सरकते हे बघायचं. मेसच्या रांगेतही हेच चालतं. भाजीच्या काउंटरवर एक मावशी आहेत की दोन, ते आधी बघा!

रांग टाळायची सोयही तिथे आहे. १९९९ मध्ये डिस्नीने फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. २०२१ पासून त्याजागी पैसे भरून घ्यायची सोय आली, तिला आता लाइटनिंग लेन म्हणतात. सात जणांसाठी रोज ती घ्यायची तर वेगळंच बजेट लागतं.

पायरी ३ : पहिला दिवस आणि पाचवा दिवस सारखे नसतात

हेरमान गोसेन या जर्मन माणसाने १८५४ मध्ये लिहून ठेवलं की एखादी गोष्ट जसजशी जास्त मिळत जाते तसतसं तिच्या पुढच्या प्रत्येक भागातलं सुख कमी होत जातं. पहिली पुरणपोळी आणि पाचवी पुरणपोळी हा फरक सांगायला जर्मन कशाला हवा? पण पुस्तकात नाव त्याचं आहे.

मी घरच्या सगळ्यांना एक कागद दिला. पार्कचा पहिला दिवस, दुसरा दिवस, असं सातव्यापर्यंत, आपण ताजेतवाने आहोत असं समजून प्रत्येक दिवसाला दहापैकी मार्क द्यायचे. दादा-वहिनींचे फोनवर घेतले. सरासरी काढून पूर्णांकात केली. आली ती अशी :

पहिला दिवस ९, दुसरा ८, तिसरा ७, चौथा ५, पाचवा ४, सहावा ३, सातवा ३.

हे आकडे काही शास्त्र नव्हे, आमच्या घरापुरते आहेत. तुमच्या घरचे वेगळे येतील. पण उतार सगळीकडे असणार.

पायरी ४ : पक्षी झाड कधी सोडतो?

या पायरीसाठी मी ओआर सोडून थोडी बायॉलॉजीत गेले. फळं खाणारा पक्षी एका झाडावर बसला आहे. सुरुवातीला फळं भराभर मिळतात, मग शोधावी लागतात. त्याने ते झाड कधी सोडावं? एरिक चार्नोव्ह या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याचं उत्तर मांडलं. त्याला मार्जिनल व्हॅल्यू थिअरम म्हणतात. उडण्यात गेलेला वेळ धरून एकूण सरासरी मिळकत काढायची, आणि झाडावरची त्या क्षणाची मिळकत त्या सरासरीपर्यंत उतरली की उडायचं. यातून एक गोष्ट निघते. पुढचं झाड जितकं लांब, तितकं हातातल्या झाडावर जास्त वेळ थांबणं फायद्याचं.

आता हे आपल्या मार्कांना लावू. समजा, आम्ही मुंबईहून फक्त ऑर्लँडोसाठी निघालो असतो. थेट विमान नाही, म्हणून जायचे-यायचे मिळून चार दिवस आणि साडेनऊ तासांच्या वेळेच्या फरकाने डोकं जड होऊन जाणारे दोन, असे सहा दिवस फुकट गेले धरू. पार्कचे तीन दिवस केले तर एकूण मार्क २४, एकूण दिवस ९, सरासरी २.६७. चार केले तर २९ भागिले १०, म्हणजे २.९. पाच केले तर ३३ भागिले ११, म्हणजे ३. सहा आणि सात दिवसांनाही सरासरी तीनच राहते. म्हणजे पाच ते सात दिवस राहणं बरोबर. बाबा म्हणत होते तेच!

पण थांबा. आम्ही ऑर्लँडोसाठी मुंबईहून निघालोच नव्हतो. आम्ही निघालो होतो एडिसनला. तो लांबचा प्रवास, व्हिसा, जेट लॅग हे सगळं दादाच्या घरासाठी होतंच. डिस्नी वर्ल्ड नसतं तरी झालं असतं. ऑर्लँडोच्या खात्यात मांडायचा तो फक्त न्यूअर्क ते ऑर्लँडो हा विमानाचा साधारण तीन तासांचा प्रवास, म्हणजे सामान-एअरपोर्ट धरून एक दिवस जायचा आणि एक यायचा. वेळेचा फरकही नाही, कारण दोन्हीकडे घड्याळ एकच.

मग सहाच्या जागी दोन दिवस घाला. दोन दिवसांना १७ भागिले ४, सरासरी ४.२५. तीन दिवसांना २४ भागिले ५, म्हणजे ४.८. चार दिवसांना २९ भागिले ६, म्हणजे ४.८३. पाच दिवसांना ३३ भागिले ७, म्हणजे ४.७१. शिखर तीन आणि चारच्या आसपास आलं. 'एवढ्या लांब जातोय तर' हे बाबांचं वाक्य चुकीचं नव्हतं. ते लांबचं अंतर फक्त दुसऱ्या खात्यातलं होतं.

पायरी ५ : एका जादा दिवसाची खरी किंमत

इथे तिकिटाचा एक मोह असतो. डिस्नी वर्ल्डचं तिकीट जितक्या जास्त दिवसांचं घ्याल तितका दर दिवसाचा भाव उतरतो. त्यामुळे शेवटचे दिवस जवळजवळ फुकट वाटायला लागतात. बाबा याच्यावरच भाळले होते. पण एका जादा दिवसाबरोबर सात जणांचं जेवण, हॉटेलच्या दोन खोल्या आणि दादाची मोजून मिळालेली रजा हेही जातं. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, पण आमची चार वर्षांची. दहाव्या वर्षापासून तर पूर्ण तिकीट.

आणि यापेक्षाही मोठी किंमत म्हणजे तो दिवस एडिसनमधून वजा होतो. ओआरच्या भाषेत ही ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट, म्हणजे एक घेताना हातची जाते ती दुसरी गोष्ट. म्हणून मी कागदावर एक ओळ वाढवली, 'एडिसनला घरी घालवलेला एक दिवस'. आजीने न विचारता १० लिहिले. बाबांनी ३ लिहिले आणि आईकडे बघून ४ केले. सरासरी आली ६.

आता हिशेब सरळ झाला. पार्कचा तिसरा दिवस ७, म्हणजे घरच्या दिवसापेक्षा वर. चौथा ५, म्हणजे खाली. तेव्हा तीनवर थांबायचं.

पायरी ६ : थकवा

पण वरचे सगळे मार्क आपण ताजेतवाने आहोत असं धरून दिलेले होते. प्रत्यक्षात कुटुंबाचा वेग त्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाएवढाच असतो. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, त्यांना एक फेरी मारली की साधारण दोन किलोमीटर होतात. आजीच्या गुडघ्यांना हे सलग तीन दिवस झेपणार नव्हतं. शिवाय फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी उकाडा आणि मग विजांचा पाऊस नेहमीचा. विजा चमकल्या की बाहेरच्या राइड्स बंद ठेवतात. छोटीच्या उंचीचाही प्रश्न होता. स्पेस माउंटनला ४४ इंच, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच उंची लागते. मोठ्यांसाठी 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसरा बसून आला की पहिल्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता जायचं. सोय चांगली, पण तेवढा वेळ कोणीतरी उन्हात उभं असतंच.

म्हणून मी दोन पर्याय मांडले. पहिला, सलग तीन दिवस पार्क. थकव्यामुळे तिसऱ्या दिवसाचे मार्क ७ वरून ५ वर येतील. वाचलेला एक दिवस एडिसनला, त्याचे ६. एकूण ९ + ८ + ५ + ६ = २८. दुसरा, दोन दिवस पार्क, मग एक दिवस हॉटेलवर पूर्ण आराम, त्याचे ५, आणि मग तिसरं पार्क ताज्या पायांनी. एकूण ९ + ८ + ५ + ७ = २९.

फक्त एका मार्काचा फरक! पण त्या एका मार्कामागे आजीचे गुडघे होते, म्हणून मी दुसरा घेतला.

उत्तर

तीन पार्क्स, मध्ये एक आरामाचा दिवस, जायचा-यायचा धरून सहा दिवस, पाच रात्री. तेही पहिल्या आठवड्यात नाही, जेट लॅग एडिसनलाच उतरू द्यायचा. शनिवार-रविवार मध्ये धरले की दादाच्या रजेतले चारच दिवस गेले, चार एडिसनसाठी राहिले. पार्क्स ठरली मॅजिक किंगडम छोटीसाठी, अ‍ॅनिमल किंगडम आजीसाठी (सफारी बसून करायची असते) आणि एपकॉट बाबांसाठी.

हॉलिवूड स्टुडिओज बसलं नाही. तिथे २०१९ मध्ये उघडलेला 'स्टार वॉर्स'चा विभाग आहे, आणि त्या चौथ्या दिवसाला मी दहापैकी दहा दिले होते. सरासरीत एका माणसाचे दहा मार्क बुडतात ही गोष्ट ओआरच्या पुस्तकात कुठे छापलेली नाही. ती आपलंच गणित आपल्यावर आल्यावर कळते.

पडताळा

कोणतंही गणित सोडवलं की पडताळा बघायचा असतो. पहिल्या दिवशी अडीच वाजता गडगडाट सुरू झाला आणि आम्ही खोलीवर जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडममध्ये सफारीची गाडी एका जिराफापुढे उभी राहिली. तो रस्त्यातून हलेना. आजी म्हणाली, "आपल्याकडे गाय बसते तसाच आहे की हा!" तिसऱ्या दिवशी छोटी पाण्यात आणि आजी पाय वर करून सावलीत. चौथ्या दिवशी एपकॉटमध्ये, आदल्या तीन दिवसांत "मी काय आजारी आहे?" म्हणणारी आजी स्वतःहून व्हीलचेअरमध्ये बसली आणि दादाने तिला अकरा देश फिरवले. भारताचं दालन त्यात नाही, हे बाबांनी जपानजवळ शोधून काढलं. त्या रात्री बाबाच म्हणाले, "उद्या अजून एक पार्क असतं तर मी चहाच घेत बसलो असतो."

एडिसनचे पंधरा दिवस असे सांगण्यासारखे नाहीत. तिथे काही घडलं नाही. छोटीला मराठी समजतं पण ती उत्तर इंग्लिशमध्ये देते. आजीला इंग्लिश येत नाही. पहिले काही दिवस मी दोघींच्या मध्ये दुभाषी होते. आजी रोज रात्री तिला गोष्ट सांगायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा गोष्ट संपली आणि छोटी म्हणाली, "पणजी, अजून एक." आई स्वयंपाकघरात होती, तिने हातातलं काम थांबवलं. त्या दिवसाला पुन्हा मार्क द्यायला सांगितले असते तर बाबांचे ४ राहिले नसते, एवढं नक्की.

तुमच्या घरच्या प्रश्नासाठी

तुमचं ठिकाण ऑर्लँडोच असेल असं नाही. पायऱ्या त्याच राहतात.

१. प्रवास नक्की कुठून मोजायचा ते आधी ठरवा. पुण्या-मुंबईकडून खोपोलीच्या इमॅजिकाला (२०१३ मध्ये सुरू झालं) सकाळी निघून रात्री परत येता येतं. तिथे फेरी मारण्याचा खर्च कमी, म्हणून एक दिवस पुरे. उरलं ते पुढच्या वेळी. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीला रात्रभर प्रवास करून जाणार असाल तर एक मुक्काम जास्त ठेवणं बरोबर.

२. ठिकाण वाटेत पडत असेल तर पूर्ण प्रवास त्याच्या खात्यात टाकू नका. फक्त वाट वाकडी करायला लागला तेवढाच वेळ टाका.

३. प्रत्येकाकडून दिवसागणिक मार्क घ्या, आजी-आजोबांकडूनसुद्धा. "तुम्ही ठरवाल ते" हे उत्तर चालणार नाही म्हणून सांगा.

४. जादा दिवस घेण्याआधी तो कुठून वजा होतो ते लिहा. त्या दिवसालाही मार्क द्या.

५. दोन दिवस सलग फिरल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. घरात कोणी साठीच्या पुढे किंवा पाचच्या आतलं असेल तर नक्कीच.

आपल्यापैकी बरेच जण दिवाळीला घरी जातात तेव्हा चार दिवसांत गाव, मामा, कॉलेज ग्रुप, लग्न सगळं बसवतात आणि रविवारी रात्री एस.टी.ने हॉस्टेलवर परत येतात. चौथी पायरी तिथेही लावून बघा. कागद एकच लागतो, आणि 'अझ्यूम सुटेबल डेटा'ची गरज पडत नाही. घरी फोन करून विचारता येतं.